मुका खांब

चाळीस वर्षं दोन सुया.
रात्रपाळीला वॉर्डातला दिवा बारीक करून,
दर तासाला ताप बघायचा
आणि मधल्या वेळात नव्या बाळांच्या टोप्या.
निम्मी मिरज माझी टोपी घालून घरी गेली,
असं मी म्हणते. कुणी मोजलंय?

सुलटा, उलटा, सुलटा, उलटा.
बोटांना डोळे फुटले होते.
म्हणून बासष्टाव्या वर्षी
वाकड्या नाकाची ही एकटी सुई धरली
आणि बोटं आंधळी झाली, तेव्हा
आधी राग आला. हसू फार नंतर.
डावा हात सारखा दुसरी सुई शोधायचा,
रिटायर झालेल्या माणसाने
सकाळी नऊला डबा शोधावा तसा.

शिकवणारे सगळे फोनमध्ये.
चेहरा कुणाचाच नाही, नुसते हात.
विट्याचे यादव फौजदार, मनगटावर गोंदलेला विंचू,
आणि पाकळ्या अशा नाजूक काढतात
की चोरांना बेडी कशी घातली असेल देव जाणे.
जतची सुगंधा. तिच्या प्रत्येक ओळीमागे शेळी ओरडते.
सतारमेकर गल्लीतली शाहीन, बोटांवर तारेचे वण :
"सिस्टर, धागा एवढा ताणू नका, तुटेल.
सैलही नको. सुरात धरा."
आणि एक जण, नाव लावत नाही,
उजवा अंगठा हळदीने कायमचा पिवळा,
नखाला मधोमध चीर,
धागा करंगळीला दोनदा वेढते.
शेवटी दरवेळी एकच वाक्य :
"साखळी मोजा. मग बोला."

माझा पहिला रुमाल सपाट व्हायचा होता.
झाला तळलेल्या पापडासारखा, कडेला फुगलेला.
फोटो पाठवला.
फौजदार म्हणाले, गुन्हा कबूल केलात, शिक्षा माफ.
सुगंधा म्हणाली, आमच्या शेळीला टोपी होईल.
पिवळा अंगठा म्हणाला, साखळी मोजा.
मोजली. अकरा हव्या होत्या, चौदा होत्या.

खांब, लांब खांब आणि मुका खांब.
मुका का, कुणालाच सांगता येईना.
वेढा नाही, उंची नाही,
सुई आत, सुई बाहेर, गप्प.
वॉर्डात असे पेशंट असायचे,
बेल न वाजवणारे.
त्यांच्याच खाटेशी मी दोनदा जास्त जायची.

आणि एक गोष्ट मला उशिराच कळली.
दोन सुयांवर ऐंशी टाके एकदम जिवंत असतात,
एक निसटला की शिडी पार खालपर्यंत.
इथे जिवंत एकच.
बाकीचे झालेले, बसलेले, आपापल्या जागी.
सुई काढून ठेवा, चहा करून या,
तेवढा एक वाट बघतो.
हे कळलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते,
डोळे जुन्या पाळीवर टक्क.
मी तो टाका पिनेत अडकवला
आणि झोपले.

मंगळवारी सांगलीला, गणपती पेठेत,
हळकुंडं घ्यायला थांबले.
तागडीपलीकडची बाई पुडी बांधत होती.
सुतळी करंगळीला दोनदा.
मी अंगठ्याकडे बघत राहिले,
नखाकडे.
"किती द्यायची, ताई?"
"साखळी मोजा," म्हटलं.

हात थांबला.
मग चेहरा वर आला, साधाच,
कपाळावर घाम, चष्म्याच्या एका काडीला पांढरा दोरा.
मागे दोन गिऱ्हाईकं खोळंबली होती.
"मग बोला," ती म्हणाली,
आणि काहीच बोलली नाही. मीही नाही.
पावशेर तोलून दिली.

घरी येऊन बघते तर
पुडीच्या सुतळीला गाठ नाहीच,
अकरा साखळ्या आणि शेवटी एक मुका खांब.
दोनदा मोजलं.

पुडी सोडवत नाही.
काल आमटीला
शेजारच्या पद्मावती चौगुलेंकडून
चमचाभर हळद मागून आणली.